पडदीच्या जागी भिंत

आमच्या शाळेत वारा ओढावा लागायचा. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. सोलापुरात मार्च-एप्रिलचे दिवस वर्गात बसून काढलेल्या माणसाला मात्र हसू येत नाही. हॉलच्या दोन टोकांना, कौलांच्या अगदी खाली, लाकडी झडपा होत्या. झडपेचा दोर कप्पीवरून खाली यायचा आणि भिंतीतल्या खुंटीला गुंडाळलेला असायचा. एकाच टोकाची झडप उघडली तर ती वाऱ्याने दणादण आपटायची आणि वर साठलेली धूळ ओढणारीच्या डोक्यात पडायची. दोन्ही एकदम उघडल्या तरच वारा आरपार जायचा आणि हॉल गार व्हायचा. म्हणून रोज दोन मुलींची पाळी लागे, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. त्या दोघी एकमेकींना दिसत नसत, कारण हॉलच्या मधोमध पडदी होती.

ही पडदी म्हणजे सागवानाच्या उंच फळ्यांचं घडीचं दार. एका बाजूच्या दगडी भिंतीत खोल खाच ठेवली होती, सगळ्या फळ्या घड्या होऊन त्या खाचेत जायच्या. एरवी पडदी लावलेली असे. या बाजूला आमची मराठी शाळा भरे आणि त्या बाजूला तेलुगू शाळा. शाळेच्या मागच्या गल्ल्यांतून तेव्हा घरोघरी माग होते, त्या विणकरांची मुलं तिकडे शिकायची. पडदी माणसाच्या दीड-दोन उंचीएवढीच होती. तिच्यावर छपरापर्यंत सगळी जागा मोकळी, वाऱ्यासाठी. बांधणाऱ्याने वाऱ्याचा विचार केला होता, आवाजाचा अजिबात केला नव्हता.

त्यामुळे आमचे पाढे दोन भाषांत झाले. आम्ही 'बे एके बे' म्हणून श्वास घ्यायला थांबलो की तिकडून 'रेंडु ओकट्ल रेंडु' यायचं. आम्ही 'बे दुणे चार' म्हणायचो, तिकडून 'रेंडु रेळ्लु नालुगु'. आमचे गुरुजी चिडून छडी आपटायचे, तिकडचे गुरुजी चिडून त्यांची छडी आपटायचे, आणि दोन्हीकडची मुलं आवाज आणखी चढवायची. मला आजही तेलुगूतले पाढे पाठ येतात. बाजारात एखाद्या तेलुगू बाईसमोर मी ते म्हणून दाखवते आणि उगाच भाव खाते.

झडपेच्या पाळीतच माझी आणि पलीकडच्या एका तेलुगू मुलीची ओळख झाली. मी इकडून ओरडायचे, "ओढ गं!" तिकडून उत्तर यायचं, "लागुतुन्ना!" म्हणजे ओढतेय. मग दोन्ही झडपा एकदम उघडायच्या. बरेच दिवस ती मला नुसती आवाजातच माहीत होती. पुढे एका उगादीला पडदी उघडली. आमचा पाडवा आणि त्यांची उगादी एकाच दिवशी, त्या दिवशी दोन्ही शाळा मिळून कार्यक्रम करायच्या. दोन वेण्यांची, तेल चापून चोपडलेली, माझ्याहून बुटकी मुलगी पलीकडच्या दोराजवळ उभी होती. तिच्या हातात कैरी, गूळ, चिंच आणि कडुलिंबाची फुलं घातलेल्या पच्चडीची वाटी होती. तिने ती माझ्यापुढे धरली. मी एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं, तेव्हा ती जी हसत सुटली ती तिच्या गुरुजींनी कान धरेपर्यंत.

योगायोग म्हणा किंवा आमच्या दोघींच्या बापांची पैशांची ओढाताण म्हणा, पुढे दोघीही शिक्षिका झालो आणि फिरून फिरून त्याच इमारतीत आलो. ती तिकडे, मी इकडे. मुलांसमोर एकमेकींना 'बाई' म्हणायचो आणि मुलं पांगली की अगं-तुगं. दुपारी पडदीची एक फळी सरकवून आम्ही डबे मध्ये ठेवायचो. तिच्या डब्यात पुलीहोरा, म्हणजे चिंचेचा भात, असला की माझा डबा तसाच परत जायचा.

आता त्या इमारतीबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. काळा दगड, चुन्याची जोडणी. भिंती एवढ्या जाड की खिडकीच्या तळाशी दोन मुलं मांडी घालून बसायची, आणि वर्गात जागा कमी पडली की आम्ही खरोखरच त्यांना तिथे बसवायचो. खिडक्यांवर विटांच्या कमानी, समोर बिडाच्या खांबांचा व्हरांडा, खाली शहाबादी फरशी. छपराला सागवानी कैच्या आणि वर मंगलोरी कौलं. दारावरच्या दगडी पाटीत बांधकामाचं साल कोरलं होतं म्हणतात. पण दर वर्षी शाळेला चुना देताना त्या पाटीवरही भक्तिभावाने चुना फासला जाई, त्यामुळे ते साल आमच्यापैकी कुणीच कधी वाचलं नाही. शंभरी उलटली एवढं नक्की. मी या इमारतीच्या प्रेमात होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. नवऱ्याने मला त्यावरून जन्मभर चिडवलं.

मग तिकडची मुलं कमी होऊ लागली. माग बंद पडत गेले, काही कुटुंबं हैदराबादकडे गेली, आणि जी राहिली त्यांना मुलांसाठी इंग्रजी शाळा हवी होती. आमचीही मुलं कमी होत होती, पण तिच्याकडे जास्त. एक दिवस तपासणीला साहेब आले. हॉलमध्ये उभे राहिले, पडदीकडे बघितलं आणि म्हणाले, "ही शाळा कुठली? हा तर एकाच हॉलचा अर्धा भाग आहे. स्वतंत्र खोली नाही, तर स्वतंत्र शाळा कशी धरायची?" दोन्ही एकत्र करा, असं म्हणून ते चहा पिऊन गेले.

ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आली ती ठरवूनच आली होती. म्हणाली, "भिंत बांधायची."

"कुठं?"

"पडदीच्या जागी. वरपर्यंत. मग खोली झाली की."

माझ्या नाकावर राग कायम असतो, तो त्या क्षणी डोक्यात गेला. मी तिला म्हटलं, की अगं, वरपर्यंत भिंत घातलीस तर वारा मरेल. तुझी खोली पूर्वेकडे, तिला वारा माझ्याकडून येतो. उन्हाळ्यात मुलं भाजून निघतील. ज्याने ही इमारत बांधली त्याने वरची जागा उगाच मोकळी ठेवलेली नाही. मी बरंच बोलले. तोंडाचा पट्टा सुरू झाला की मला थांबता येत नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शाळा गार राहिली काय, गरम राहिली काय. राहिली पाहिजे की."

परवानगी कशी मिळवली ते तिलाच ठाऊक. तिच्या वर्गातल्या मुलांच्या बापांनी विटा आणल्या. त्यांच्यातलाच एकजण गवंडी होता. सुट्टीच्या दिवसांत भिंत उभी राहिली. पडदीच्या फळ्या काढायच्या म्हटल्या तर गवंडी म्हणाला, सागवान हाय बाई, असू द्या हितंच. घडी केलेली पडदी खाचेतच ठेवून त्याने खाच बुजवून टाकली. माझ्या बाजूने भिंतीला नुसता सिमेंटचा गिलावा होता, राखाडी, ओबडधोबड. शंभर वर्षांच्या काळ्या दगडात ते राखाडी ठिगळ बघून मला रोज चीड यायची.

शाळा सुरू झाल्यावर ती व्हरांड्यातून वळसा घालून माझ्या दारात आली. "भिंतीवर मी काहीतरी काढलंय. ये की बघायला."

"भिंतीत काय बघायचंय?" मी म्हणाले. "येईन नंतर."

ते नंतर कधी आलंच नाही. तिच्याबद्दल अढी होती म्हणून नव्हे. आम्ही बोलत होतो, पाडव्याला पच्चडी येत होती, आजारपणात एकमेकींचे वर्ग सांभाळत होतो. म्हणजे ती माझा सांभाळायची. तिचे तास मला घेता येत नसत, त्यामुळे मी तिची मुलं आमच्याच व्हरांड्यात आणून पाढे म्हणून घ्यायचे. पण त्या खोलीत मी पाऊल टाकलं नाही. त्या भिंतीवर माझा राग होता, आणि तो मी चांगला जोपासला होता.

आणि मी म्हटलं तसंच झालं. मार्च लागला की ती खोली तापायची. तिची मुलं घामाने चिंब होऊन व्हरांड्यात पाणी प्यायला यायची. पुढे काही वर्षांनी तेलुगू शाळा बंदच झाली. मी मनात म्हटलं, वारा मारला, शाळा मेली. तिच्यासमोर म्हणाले नाही. ती निवृत्त झाली आणि मुलाकडे हैदराबादला गेली. तिथून फोन करते तेव्हा कुरकुर करते, की तिथे तिच्या तेलुगूला हसतात, सोलापुरी म्हणतात. तिच्या खोलीला कुलूप लागलं. मोडकी बाकं, फुटके फळे, निवडणुकीच्या वेळचं कसलंतरी सामान, सगळं तिथे कोंबलं गेलं. मीही निवृत्त झाले.

दोन वर्षांपूर्वी कळलं की इमारत दुरुस्त करणार आहेत. पाडणार असंच मी धरून चालले होते, त्यामुळे मला एवढा आनंद झाला की शेजारणीला पेढे दिले. पुण्याहून जुन्या इमारतींचं काम करणारी एक मुलगी आली होती. जीन्स, डोक्यावर टोपी, हातात टेप, आणि दगडांना हात लावताना जीव लावून लावायची. मला ती फार आवडली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की, या बाई इथेच शिकल्या आणि इथेच शिकवलं, त्यांना विचारा. ती मला विचारायची, "बाई, यातलं मूळचं काय आहे आणि नंतरचं काय?" आयुष्यात मला इतक्या मानाने कुणी काही विचारलं नव्हतं. मी तिला झडपा दाखवल्या, कप्प्यांच्या जागा दाखवल्या, कुठली फरशी बदलली आणि कुठला खांब नंतर रंगवला ते सांगितलं. आणि मग मी त्या राखाडी भिंतीसमोर जाऊन उभी राहिले.

"ही मूळची नाही," मी म्हणाले. "ही पाडा. आत खाचेत पडदी असेल."

ती मुलगी अक्षरशः नाचली. पलीकडची खोली उघडून बघायचा प्रयत्न केला, पण दारामागेच बाकं छताला टेकलेली, दार बोटभरही ढकललं जाईना. खिडकीतून टॉर्च मारला तर भिंतीला लागून रचलेली बाकंच दिसली. मग ठरलं की भिंत आमच्या बाजूने फोडायची, वाट झाली की त्या वाटेने बाकं बाहेर काढायची.

फोडायच्या दिवशी मी खास साडी नेसून गेले होते. मला खुर्ची दिली. मजूर परांचीवर चढून वरच्या विटा काढू लागले. सिमेंट पडत होतं, धूळ उडत होती, आणि मला आतून सुख होत होतं, खोटं का बोला. वरचा अर्धा भाग पडला तसा वर मोकळा आभाळासारखा पट्टा दिसू लागला आणि पश्चिमेची हवा पलीकडे सरकलेली जाणवली. मी त्या मुलीला म्हणाले, "बघ, चाललाय वारा."

तेवढ्यात एक मोठं ढेकूळ माझ्या पायापाशी येऊन पडलं. पलीकडच्या गिलाव्याचा भाग वर आला होता. त्यावर निळ्या रंगात गाईचं शिंग होतं. शिंगाच्या शेजारी एक गोल वळणाचं अक्षर.

मी उठले आणि राडारोड्यात हात घातला. आणखी तुकडे होते. एकावर पानाचं टोक, एकावर कुणाचा तरी डोळा, आणि सगळीकडे तीच निळी वळणं, अगदी सुबक, एकाही ठिकाणी ब्रश थरथरलेला नाही. तिने अख्खी वर्णमाला काढली होती. प्रत्येक अक्षराला चित्र. वरपासून खालपर्यंत. तो सगळा मे महिना ती शिडीवर चढून हेच करत होती, आणि मी घरी बसून भिंतीला शिव्या देत होते.

"थांबा!" मी ओरडले. "थांबा, हात लावू नका!"

मजूर थांबले. धूळ खाली बसली. ती मुलगी परांचीवर चढून बाकांच्या फटीतून आत डोकावली आणि म्हणाली, "बाई, खालच्या दोन ओळी शाबूत आहेत. मुलांच्या उंचीच्या." मग म्हणाली, "ठेवायच्या असतील तर ठेवू या. पण मग पडदी सरकणार नाही. दोन्ही नाही होणार. तुम्ही सांगा."

मी सांगणार? माझं आधीच पुष्कळ सांगून झालं होतं. मी हैदराबादला फोन लावला.

"अगं, तुझी ती भिंत," मी सुरुवात केली.

"पाडली व्हय?" ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं.

"अर्धी. मला माहीत नव्हतं गं. मी आत कधी आलेच नाही."

"न्हाय आलीस."

मी रडत होते, तिला ते ऐकू जात असणार. ती बोलू लागली. "तुला वाटतं त्या भिंतीनं शाळा घालवली. मला ठाऊक हाय, तू बोलली न्हाईस तरी. गरम व्हायचं लई, खरं हाय. पण त्याच भिंतीमुळं ती वर्षं आमाला मिळाली की. तिच्या आधी आमी तुमच्या हॉलचा अर्धा भाग होतो. भिंत झाली आन् आमी शाळा झालो."

मला एवढ्या वर्षांत हे सुचलं नव्हतं. मी वाऱ्याचाच हिशोब मांडत बसले होते.

"खालच्या ओळी ठेवू का?" मी विचारलं.

"कुणासाठी?" ती म्हणाली. "वाचणार कोण हाय तितं? पाड. पडदी उघड. निदान तुझा वारा तरी जाऊ दे."

हे ती रागाने म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती समजुतीने म्हणाली. मी त्या मुलीला मान हलवून सांगितलं आणि व्हरांड्यात जाऊन बसले. त्या खालच्या दोन ओळींचे तिने फोटो काढले, मग त्या पडल्या.

खाच फोडली तेव्हा पडदी होती तशी निघाली. तेल दिल्यावर सागवान पुन्हा लाल झालं. झडपांना नवे दोर आले. उद्घाटनाला त्या मुलीने मला पश्चिमेच्या दोराशी उभं केलं आणि पूर्वेच्या दोराशी शाळेतला एक शिपाई. पडदी पूर्ण घडी केलेली, हॉल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा. मी दोर हातात घेतला आणि सवयीने तोंडून निघून गेलं, "ओढ गं!"

"ओढतो, मॅडम," शिपाई नम्रपणे म्हणाला.

वारा आला. उन्हाळा ऐन भरात होता, बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं, आणि हॉल खरोखर गार झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला सगळ्यांनी मिळून शाल दिली. जिथे तिची खोली होती तिथे आता इमारतीच्या इतिहासाचं दालन आहे. त्यात झडपांची आकृती आहे, कैच्यांची मापं आहेत आणि मी सांगितलेली माहिती छान फ्रेम करून लावली आहे. भिंतीबद्दल एक ओळ आहे, की मधल्या काळात इथे एक तात्पुरती भिंत बांधण्यात आली होती, ती काढून हॉल मूळ रूपात आणला. ती ओळ बदलायला मी सांगितलं आहे. बघू म्हणालेत.

त्या दिवशी राडारोड्यातून मी एक तुकडा पदरात बांधून आणला होता. तळहातापेक्षा थोडा मोठा, त्यावर एक अख्खं अक्षर. परवा पाडवा झाला. पच्चडी नाही आली, कुठून येणार. फोन आला. बोलता बोलता मी तिला त्या तुकड्याबद्दल सांगितलं.

"कुठलं अक्षर हाय?" तिने विचारलं.

मी तुकडा हातात घेऊन बघत राहिले. शाळेतली सगळी वर्षं पडदीच्या या बाजूला काढली, पाढे पाठ केले, शब्द ऐकले, भांडणं ऐकली. अक्षर एकही शिकले नव्हते.

"गोल आहे," मी म्हणाले.

"सगळीच गोल असतात की," ती म्हणाली आणि हसली. "फोटो पाठव."

मी खिडकीतल्या उजेडात तुकडा नीट धरून फोटो काढला आणि पाठवला.  मग उत्तर आलं.

"उलटं धरलंयस."

मी तुकडा फिरवला. मला तो तसाही वाचता येत नव्हता.